दहा सोडून

शुक्रवारी दुपारी मिस्त्री जेवून आडवे झाले, तशा टेलरबाई मागच्या खोलीतला भुसा झाडायला गेल्या. भिंतीशी बेंचचे चार पाय उभे होते, जुन्या सागाचे, एकेक उचलायला दोन्ही हात लागावेत असे. झाडू फिरवायला जागा हवी म्हणून त्यांनी एक पाय उचलला आणि कोपऱ्यात मापाच्या काठीशेजारी टेकवला. मग झाडू तसाच हातात राहिला.

काठीवर सोमवारी त्यांनी स्वतः पेन्सिलीची खूण केली होती. पायाच्या डोक्याला जी चौकोनी जीभ कोरतात, कुसू म्हणतात ते, ते वरच्या फळीत शिरतं. ते सोडून त्याच्या खालचा खांदा त्या खुणेला भिडायला हवा होता. तो खुणेपासून आडव्या पंजाइतका खाली होता.

टेलरबाईंनी पस्तीस वर्षं लोकांचे कपडे बेतले होते. सुताभराचा फरक त्या दारातून ओळखायच्या. हा फरक तर आंधळ्यालाही दिसला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी लगेच जीभ चावली. बाकीचे तीन पायही एकेक करून लावून पाहिले. चारही सारखेच आखूड. मिस्त्रींचं काम ते. चुकलं तरी चारही ठिकाणी केसाचाही फरक न करता चुकणार.

त्या भुशातच खाली बसल्या. रविवारी सकाळी दहाला टेम्पो येणार होता.

टेम्पोची हकिगत अशी. टेलरबाईंचा नवरा कारखान्याच्या सुतारखात्यात एकतीस वर्षं मिस्त्री होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. "तुझे दोन्ही कान दिसतात, नाक तेवढं गायब," असं ते एकदा बायकोला म्हणाले होते. "बरं झालं, नाहीतरी माझं नाक तुम्हाला कधी आवडलं होतं," असं त्या म्हणाल्या होत्या. तेवढंच. त्यानंतर घरात डोळ्यांचा विषय निघाला नाही. बाहेर कुणी विचारलं तर मिस्त्री म्हणायचे, "जरा अंधूक आहे, बाकी काही नाही."

तीन महिन्यांपूर्वी विजेच्या करवतीनं त्यांच्या डाव्या अंगठ्याची कड उडवली. सात टाके पडले. ते काढायला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे मिस्त्रींची धाकटी बहीण. जन्मभर इस्पितळात मेट्रन होत्या, आणि अजूनही समोरचा प्रत्येक माणूस त्यांना खाटेवरचाच वाटतो.

"दादा, पुरे झालं आता," शेवटचा टाका काढता काढता त्या म्हणाल्या. "ही सगळी हत्यारं देऊन टाक. सुतारकाम शिकवणारी एक शाळा आहे, मी बोलून ठेवलंय."

"माझा हात अजून गेलेला नाही."

"अंगठा जाता जाता राहिला. आता हाताची वाट बघायची?"

मग मिस्त्रींनी बोली केली. कारखान्याची जुनी शेड पाडली तेव्हा मिळालेल्या सागाच्या तुळया सात वर्षं पलंगाखाली पडून होत्या. त्यांचा एक बेंच करायचा, सुताराचं कामाचं टेबल, जन्मभर हलणार नाही असं. "माझ्या एकट्याच्या हातानं. नीट उभा राहिला तर हत्यारं राहतील. नाही राहिला तर आण तुझा टेम्पो, मी स्वतः चढवून देईन."

वन्संनी तिथल्या तिथे दिवस ठरवला. एकट्याच्या हा शब्द मात्र मिस्त्रींनी आपणहून घातला होता, कुणी मागितला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

मापं वाचायची सूट तेवढी त्यांनी बायकोला दिली. वाचायला काही हात लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बेंचची उंची ज्याची त्याची असते: ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, तळवा टेकेल तिथे बेंचचा माथा. उंच झाला तर खांदे भरून येतात, बुटका झाला तर कंबर जाते. सोमवारी मिस्त्री काठी धरून उभे राहिले, टेलरबाईंनी तळव्यापाशी फळीचा तुकडा धरला आणि त्याच्या खाली काठीवर खूण केली. आता ती काठी सरळ पायाला लावून कापलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण तसं करणं म्हणजे नवशिक्याचं काम, असं मिस्त्रींचं मत. "मला आकडा सांग," ते म्हणाले.

टेप कारखान्यातलाच, म्हातारा. त्याची टोकाची आकडी सैल झाली होती आणि पहिले दोन-तीन आकडे पुसले होते. त्यावर सुतारखात्याचा नियम असा की टोकावर विश्वास ठेवायचा नाही. दहाचा आकडा कडेला धरायचा, पुढे येईल ते वाचायचं, आणि त्यातून दहा वजा करायचे. टेलरबाईंनी वाचलं, आकडा सांगितला. मिस्त्री "हं" म्हणाले. त्यांच्याकडे लाकडाची एक लांब पट्टी होती, तिच्यावर त्यांनी दर सेंटिमीटरला एक खाच पाडली होती आणि दर दहाला दोन. नखानं त्या खाचा मोजत त्यांनी चार दिवसांत चार पाय कापले होते.

आता भुशात बसून टेलरबाईंनी काठी पुन्हा मोजली. टेपवर शहाऐंशी, दहा सोडून शहात्तर. मग पाय मोजला. सहासष्ट. पुन्हा मोजला. तो काही वाढला नाही.

दहा. बरोबर दहा. म्हणजे चूक त्यांचीच. मनात एकदा वजा केले आणि सांगताना पुन्हा एकदा केले, दुसरं काय. सोमवारी आपण नक्की काय बोललो ते आठवायला लागल्या तर आठवेना. त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष नवऱ्याच्या अंगठ्याकडे होतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, उसवल्या आणि पुन्हा डाव्याच लावल्या. दूध उतू गेलं. शेवटी दोरा आणायच्या निमित्तानं बाहेर पडून त्या लाकडाच्या वखारीत जाऊन आल्या.

"मावशी, असला साग आता बघायलासुद्धा मिळत नाही," वखारवाला म्हणाला. "नवा आहे, पण ओला. वर्षभर वाळवा, मग हात लावा."

"मला उद्या हवाय."

वखारवाल्यानं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

घरी आल्या तर मागच्या खोलीतून शीळ ऐकू येत होती. मिस्त्री उठून कामाला लागले होते, शेवटच्या कुसवावर पटाशी फिरवत होते, आणि शीळ घालत होते. दीड वर्षात पहिल्यांदा. टेलरबाई दाराशी उभ्या राहिल्या. आता सांगावं, असं ठरवून तोंड उघडलं, आणि विचारलं, "चहा टाकू?"

तेवढ्यात वन्संचा फोन आला. "वहिनी, टेम्पो सांगितलाय, दहाला येईल. काय म्हणतोय बेंच?"

"छान चाललंय," टेलरबाई म्हणाल्या.

त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली ती यानंतर, भांडी विसळताना. कारण मनाच्या तळाशी एक विचार सापडला, आणि तो त्यांचाच होता. काहीच बोललं नाही तर? बेंच बुटका होईल, मिस्त्रींना हात टेकताच कळेल, बोलीप्रमाणे हत्यारं जातील. मग करवतीचा आवाज नाही. मागच्या खोलीत करवत सुरू झाली की पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन थांबायचं. पाय आपोआप थांबायचे, कान टवकारायचे, आणि करवत बंद होऊन मिस्त्री खोकले की मगच सुई पुढे जायची. हे सगळं संपेल. नुसतं गप्प बसायचं, बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि शीळही संपेल, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. शेजारी मिस्त्री मात्र घोरत होते.

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी वरची जाड फळी दोन ठोकळ्यांवर उलटी ठेवली, खाचा आकाशाकडे. सरस गरम केला. एकदा सरस लावून कुसू आत ठोकलं आणि पाचरी मारल्या की मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी पाय निघणार नव्हता.

"ये गं, पाय धर. सरळ धर हं. काही म्हणतेस का?"

"काही नाही."

त्यांनी ब्रशनं सरस लावायला सुरुवात केली. खाचेच्या कडा बोटानं चाचपत, एक थेंब बाहेर न सांडता. पहिली खाच भरली. लाकडी हातोडा उचलला.

"थांबा," टेलरबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"पाय आखूड आहेत."

मिस्त्री हसले. "तुझ्या डोळ्यांना काय झालं आता?"

"दहा सेंटिमीटर. चारही. काल मोजले मी. माझी चूक आहे हो, माझ्याकडून दोनदा दहा वजा झाले." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं, आणि रडताना पाय धरून ठेवावा लागत होता म्हणून नाकही पुसता येईना.

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. पट्टी मागितली. तिच्या खाचांवरून नख नेत ते पुटपुटत मोजत गेले. "सहासष्ट," ते म्हणाले. "मी सहासष्टच कापले. तू आकडा काय सांगितलास मला?"

"तेच आठवत नाही. कालपासून डोकं फोडतेय. शहात्तर सांगायला हवा होता."

मिस्त्री स्टुलावर बसले. सरस वाटीत घट्ट व्हायला लागला. टेलरबाईंना ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"शहात्तरच सांगितलास," ते शेवटी म्हणाले. "दहा मी वजा केले."

"तुम्ही?"

"मला वाटलं, तू विसरलीस. आधी दोनदा विसरली होतीस फळीच्या वेळी. म्हटलं, विचारलं तर तुला लागेल, की एवढं साधं वाचायला सांगितलं त्यातही विश्वास नाही. म्हणून आपले गुपचूप वजा केले."

"अहो, मग विचारायचं नाही का?"

"तू कालपासून सांगितलंस का मला?"

"तुम्ही शीळ घालत होता," टेलरबाई म्हणाल्या.

दीड वर्ष या घरात हेच चाललं होतं. मिस्त्री सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचे, आणि टेलरबाई स्वतःशीच वाचल्यासारख्या ठळक बातम्या मोठ्यानं वाचायच्या. त्या कप त्यांच्या हाताखाली सरकवायच्या, आणि तो आपल्याला दिसला असं ते दाखवायचे. दोघं एकमेकांना सांभाळत होते, आणि दुसऱ्याला कळत नाही असं दोघांनाही वाटत होतं.

"आणखी एक सांगते," टेलरबाई म्हणाल्या. आता सुटलंच होतं तोंड तर सगळंच जाऊ दे, असं त्यांना झालं. "काल मनात आलं होतं, न सांगावंच. हत्यारं गेली तर जातील. तुमची करवत सुरू झाली की माझं मशीन बंद पडतं."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुझं मशीन बंद पडलेलं ऐकू येतं की मला. मग मी करवत लवकर उरकतो, तुझा जीव टांगणीला नको म्हणून." त्यांनी अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्या दिवशी अशीच घाई केली."

टेलरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पाय हातातून सुटून फळीवर आडवा झाला तेव्हा कुठे दोघं भानावर आले.

मिस्त्री उठले, खिळ्यावरचं फडकं घेतलं आणि एकेक पटाशी त्यात गुंडाळायला लागले. "बोली ती बोली," ते म्हणाले. "लाकूड कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही. बेंच काही उद्यापर्यंत उभा राहत नाही."

"परकर आखूड झाला म्हणून फेकून देतात का?" टेलरबाईंनी नाक पुसलं. "खालून पट्टी लावतात."

"लाकडाला पट्टी?"

"का, लाकूड काय माझ्या परकरापेक्षा मोठं लागून गेलंय?"

मिस्त्रींचे हात थांबले. तुळईचा दीड मीटरचा एक तुकडा शिल्लक होता, खालच्या कप्प्यासाठी राखलेला. तो मधोमध कापला तर दोन लांब पाट होतील, जमिनीवर बसणारे. एकेका पाटावर दोन-दोन पाय. ते बोटांवर मोजायला लागले, मग थबकले, आणि मोठ्यानं बोलले. "पाट चौदा उंच. पाय त्यात चार सेंटिमीटर शिरणार. दहा वर राहिले. बरोबर?"

"चौदातून चार गेले, दहा. बरोबर. मी काही वजा केलेलं नाही."

"मीही नाही."

दिवसभर हे असंच चाललं. प्रत्येक आकडा दोघांनी मोठ्यानं म्हणायचा, कुणी काय सोडलं तेही म्हणायचं. शेजारच्यांना वाटलं असेल, घरात पाढे चाललेत. जुना साग पटाशीला दाद देत नव्हता. आज टेलरबाई पुढच्या खोलीत नव्हत्या, मिस्त्रींच्या शेजारी होत्या. "डावा अंगठा मागे," त्या म्हणायच्या. पहिल्यांदा मिस्त्री गुरगुरले. दहाव्यांदा म्हणाले, "आहे मागे, बघ." कप्पा मात्र गेला, बेंच खालून मोकळाच राहणार होता. दिवेलागणीला उलटा बेंच सुलटा करायला समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला आणि त्याच्या भावाला हाक मारावी लागली. चौघांनी मिळून तो पायांवर उभा केला.

मिस्त्री बेंचसमोर ताठ उभे राहिले आणि हात सैल सोडला. तळवा टेकला.

रविवारी दहाला पाच कमी असताना वन्सं आल्या. टेम्पो दाराशी उभा राहिला. वन्संनी चप्पल काढली, पर्स टेलरबाईंच्या हातात दिली आणि बेंचला दोन्ही हातांनी ढकललं. मग कंबरेनं. मग चक्क वर चढून बसल्या आणि हलून पाहिलं. बेंच हूं की चूं करेना. टेलरबाईंनी मुठी इतक्या आवळल्या होत्या की पर्सचा पट्टा हातात रुतला.

"उभा आहे," वन्सं खाली उतरत म्हणाल्या. आवाजात हरल्याची नाराजी होती आणि थोडं कौतुकही. "एकट्यानं केलास ना, दादा?"

नुसतं हो म्हणायचं होतं. वन्संना कुठे काय ठाऊक होतं. टेलरबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं, आणि ते काय करणार हे त्यांना कळलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "एकट्याचा बेंच आखूड झाला होता. हे खाली पाट दिसतात ना, ते हिनं सुचवलेले. आकडे ही वाचते, मी कापतो." त्यांनी बेंचची कड घट्ट धरली. "मला आकडे दिसत नाहीत. रेघ दिसत नाही. तू आत्ता समोर उभी आहेस तर तुझा चेहरा मला दिसत नाही. अंधूक नाही, दिसतच नाही."

मग ते वाकले आणि हत्यारांच्या पेटीची कडी हातात घेतली. "बोली एकट्याची होती. चल, चढवतो."

वन्संनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "ठेव ती पेटी खाली," त्या मेट्रनच्या आवाजात म्हणाल्या. "न दिसणारा माणूस मला चालतो, दादा. दिसत नसताना दिसतं म्हणणारा करवतीपाशी नको होता मला. विजेची करवत तेवढी दे. बाकीचं राहू दे तुम्हा दोघांना."

मिस्त्रींच्या तोंडावर दुखलं ते दिसलं. ती करवत त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली होती. त्यांनी वायर काढली, नीट गुंडाळली, आणि करवत स्वतःच उचलून भिंतीला खांदा घासत दाराबाहेर नेली. कुणी हात धरला नाही.

"एवढंच?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"एवढंच," वन्सं म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

टेम्पो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दोघं दारात उभे होते. टेलरबाईंना अजून मोकळा श्वास घेववत नव्हता; पटाशीलाही धार असतेच, आणि उद्या सकाळी मिस्त्री पुन्हा बेंचपाशी उभे राहणार होते.

"किती वाजले गं?" मिस्त्रींनी विचारलं.

घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. दीड वर्ष ते त्यात बघून अंदाजानं वेळ सांगत आले होते, बहुतेकदा चुकीची, आणि टेलरबाई "हो का" म्हणत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि तबकडी उजेडाकडे फिरवली.

"साडेदहाला दोन कमी," त्या म्हणाल्या.